आज चंद्र बंद आहे

सांगतो, पण एका अटीवर. मधेच उठून आभाळाकडे पाहायचं नाही. आजवर ज्याला ज्याला हा किस्सा सांगितला, तो अर्ध्यातच मान वर करून चंद्र शोधायला लागतो, आणि मग माझ्याकडे पाहून असा काही हसतो की हातातला चहा गोड लागत नाही.

माणसाने आयुष्यात एकदा तरी गाढवपणा करावा, हे मला मान्य आहे. पण तो एकट्यात करावा! मी केला तो सिंदेवाहीला, एका घराच्या अंगणात, लख्ख उन्हात, दहा-बारा माणसांसमोर आणि नवा इस्त्रीचा शर्ट घालून.

आता मी कोण ते सांगतो. मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचा. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. आमचं काम काय? पाहणं आणि लिहिणं. दर तासाला आकडे पाहायचे आणि लॉगशीटच्या रकान्यांत भरायचे. तापमान भरा, दाब भरा, पाण्याची पातळी भरा. एखादा पंप बंद असला, तर त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारायची. पुढच्या शिफ्टवाल्याने रेघ पाहिली की समजायचं, पंप बंद आहे. विचारायचं नाही, खाली उतरून पाहायचं नाही. रेघ म्हणजे बंद. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी अब्रू पुढे याच रेघेवरून घसरून पडणार आहे.

तर तेव्हा माझं वय चौतिशीला टेकलं होतं आणि लग्न काही जमत नव्हतं. पोरी पाहायला जात होतो, पोहे खात होतो, परत येत होतो. एका पोरीने विचारलं, तुम्हाला काय आवडतं? मी म्हटलं, "थर्ड शिफ्ट." आता रात्री कोणी साहेब येत नाही, शांतता असते, म्हणून म्हटलं हो! पण त्यांच्याकडून पुन्हा फोन आला नाही.

अशात वडशाच्या मामांनी एक स्थळ आणलं. मामांचा तांदळाचा धंदा, गावोगावच्या ओळखी. मुलीचं नाव करुणा. मूल गावच्या एका शाळेत शिकवते. मामांनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि माझं रीडिंग एकदम लाल पट्ट्यात गेलं. खरंच सांगतो. मी मनातल्या मनात म्हटलं, हीच! ही नाही मिळाली तर आपण जन्मभर थर्ड शिफ्ट करू.

"पण एक भानगड हाय," मामा म्हणाले. "पोरीचा बाप लई अवघड माणूस हाय."

"मंजे?"

"मंजे त्याले 'अंदाजे' हा शब्द चालत नाई."

करुणाचे वडील खोब्रागडे साहेब. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात त्यांची उभी हयात गेली. कोणत्या धानाला लोंबी कधी आली, कोणत्या वाफ्यात किती रोपं जगली, हे मोजता मोजता माणूस निवृत्त झाला आणि मोजायची सवय तेवढी घरी घेऊन आला. बायको देवाघरी... म्हणजे वारली, आमच्यात देव नाही, पण जीभ वळते. घरात हे, त्यांची बहीण आणि करुणा.

आता आमच्या बौद्ध मंडळींत पत्रिका पाहत नाहीत, गुण जुळवत नाहीत, मुहूर्त काढत नाहीत. चांगलंच आहे. पण माणूस पारखायला बापाला काहीतरी लागतंच ना! खोब्रागडे साहेबांनी स्वतःची एक परीक्षा काढली होती. पोरगा आला की पाणी द्यायचं, बसवायचं आणि विचारायचं, "आज सूर्य किती वाजता उगवला?"

बस. एवढंच.

माझ्या आधी दोघेजण आले होते. एक म्हणाला, "सकाळी उगवला ना जी." दुसरा बँकेत होता, शहाणा होता. तो म्हणाला, "सहा-साडेसहाच्या अंदाजे असंल." दोघांनाही पोहे मिळाले. चहा मिळाला नाही!

"म्हून सांगतो बाबू," मामांनी माझा खांदा दाबला, "सूर्याचं तेवढं पाठ करून ये. बाकी तोंड बंद ठेव."

मंडळी, या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी ऐकला.

सूर्याचं पाठ करायचं म्हणजे कुठून करायचं? इंटरनेटवर एक कोष्टक मिळालं. गावाचं नाव टाकलं की सबंध महिन्याचा हिशेब समोर येतो. सूर्य किती वाजता उगवतो, किती वाजता मावळतो. पलीकडे चंद्र. त्याच्या पलीकडे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, सगळ्यांचं येणं आणि जाणं. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. हे तर आपलंच लॉगशीट! फक्त पंपांच्या जागी ग्रह बसवलेले.

मी विचार केला, नुसता सूर्य तर कोणीही सांगेल. आपण कंट्रोल रूमची माणसं, आपण पूर्ण युनिटचं रीडिंग द्यायचं. प्रिंट काढली आणि बसलो पाठ करत. दाढी करताना बुध, आंघोळीत शुक्र, भाजी आणायला जाताना मंगळ.

आई दोन दिवस ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबू, पोरगी पाह्यले चाल्ला का शनी पाह्यले?"

"आई, तुले नाई समजणार. इम्प्रेशन पडते."

आता ज्या तारखेला जायचं होतं, त्या तारखेच्या ओळीवर मी बोट ठेवलं. सूर्य आला. चंद्रावर गेलो, तर उगवण्याच्या रकान्यात काय? आडवी रेघ!

मी कौतुकाने मान हलवली. आज चंद्र बंद. ठीक आहे.

शेजारच्या रकान्यात, मावळण्याच्या, चांगला आकडा होता. तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, जो उगवलाच नाही तो मावळतो कसा? बरोबर. हा प्रश्न तुम्हाला पडला, कारण तुम्ही हुशार आहात. मला पडला नाही. मी म्हटलं, राहिला असेल चुकून. मी नाही का, पंप बंद झाल्यावरही कधी कधी झोपेत मागचाच आकडा लिहून मोकळा होतो? चंद्राच्या ऑफिसातही एखादा आपल्यासारखा असेल!

जानेवारीचे दिवस होते. सकाळी भाड्याची गाडी केली. मी ड्रायव्हरच्या बाजूला, आई मागे. मामा वडशाहून परस्पर तिकडे येणार होते. मूलच्या पुढे जंगल लागलं, धुकं हटलं, ऊन पडलं. मी डोळे मिटून गुरूवरून शनीकडे सरकत होतो.

"बाबू," मागून आई म्हणाली, "अरे मांगं पाह्य ना जरासा. तो पाह्य कसा..."

"आई, बोलू नको. शनीवर आलो हाय."

"अरे पण तो..."

"आई! गप बस ना!"

आई गप्प बसली. आयुष्यभर जी बाई माझं ऐकून कधी गप्प बसली नाही, ती त्या दिवशी बसली. याला म्हणतात नशीब.

पोचलो. खोब्रागडे साहेबांचं घर नीटनेटकं. अंगण सारवलेलं, खुर्च्या मांडलेल्या. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्याला उन्हाकडे तोंड करून बसवतात, तो त्याचा मान. मला तसंच बसवलं. समोर पूर्वेचं कोवळं ऊन, पाठीमागे गोठा, गोठ्याला लागून तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, उंच ढीग, आणि त्यावर मोकळं आभाळ. माझ्यासमोर ओळीने घरची मंडळी: खोब्रागडे साहेब, त्यांची बहीण, दोन-चार भावकीतले. भिंतीपलीकडे शेजारच्या बायका कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभ्या. बाजूच्या खुर्च्यांवर आई आणि मामा.

म्हणजे बघा, मी सूर्य पाहत होतो आणि ते सगळे मला पाहत होते. आणि माझ्या मागचं आभाळही पाहत होते. हा सीन नीट डोळ्यांसमोर ठेवा.

"रस्ता बरा होता?" साहेबांनी विचारलं.

"हो जी."

पाणी आलं. साहेबांनी चष्मा पुसला, घातला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. आली वेळ!

"एक विचारतो. आज सूर्य किती वाजता..."

"सहा पन्नास!"

प्रश्नही पुरा होऊ दिला नाही मी. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"हे चंद्रपूरचं सांगून राह्यले का इथचं?"

"इथचं जी. चंद्रपूरले एक मिनिट उशिरा उगवला."

साहेब हळूच बहिणीकडे वळले. "पाह्यलं? एक मिनिट म्हणे." आणि मंडळी, तो माणूस हसला! मामांनी खुर्चीखालून माझ्या पायावर पाय दाबला. त्याचा अर्थ सरळ होता: पास झालास, आता तोंड बंद.

तो अर्थ मला कळला नाही असं नाही. कळला. पण पाठ केलेलं माणसाच्या पोटात राहतं का हो? पाच ग्रह आत रांगेत उभे होते, धक्काबुक्की करत होते. तेवढ्यात करुणा पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली. फोटोपेक्षा बरी. म्हणजे फारच बरी. झालं!

"आन चंद्र जी," मी म्हटलं.

"चंद्र?" साहेब म्हणाले.

"चंद्र आज बंद हाय."

मामांनी पायावर इतक्या जोरात पाय दिला की बुटाचा शिक्का दोन दिवस होता.

"बंद मंजे?"

"मंजे आज तो उगवणारच नाई. आजच्या तारखेले त्याच्या रकान्यात रेघ हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्याच्या जरा वर पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या बहिणीने पदर तोंडाला लावला. भावकीतला एकजण खोकला. दारात करुणा ट्रे धरून उभी होती, तिनेही माझ्या डोक्यावरून दूर कुठेतरी पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत अशी चमक!

मी काय समजलो असेन? सगळे थक्क झाले. इतकी बारीक माहिती यांनी कधी ऐकलीच नाही बिचाऱ्यांनी! माझ्या अंगात वारंच शिरलं.

"त्याचं असं हाय," मी खुर्चीत पुढे सरकलो, "चंद्र पृथ्वीभोवती सतत फिरून राह्यला. कोणतीबी मशीन सतत चालत नाई. महिन्यातून एक दिवस तिले थांबावं लागते. तसा आज त्याचा ऑफ."

"ऑफ अमावस्येले असते ना?" बहीणबाईंनी पदराआडून विचारलं.

"नाई आत्याबाई, तिथंच तं लोक चुकतात. अमावस्येले तो असते, फक्त दिसत नाई. आज तो नाईच."

"नाईच?"

"नाईच. कुठीच नाई."

"खात्रीनं सांगून राह्यले?" साहेबांचा आवाज जरा वेगळा लागला.

"शंभर टक्के. अंदाज नाई जी. पाह्यजे तं लिहून देतो!"

भिंतीपलीकडे कोणाच्या तरी हातातून ओलं लुगडं पडलं. आत्याबाईंनी पदर खाली घेतला आणि अगदी मायेने विचारलं, "मंग बाबू, हे तुह्या डोस्क्यावर काय हाय?"

मी हात डोक्यावर फिरवला. म्हटलं, पान पडलं असेल. केस झटकले. नंतर वाटलं, कावळा तर शिटला नाही ना! तेही खिशातल्या रुमालाने पुसून पाहिलं. रुमाल कोरडा.

"वर," मामा दात चावून म्हणाले. "वर पाह्य. मांगं."

मी वळलो.

होता, मंडळी. अर्धा, पांढराशुभ्र, डागांबिगांसकट. तणसाच्या ढिगाच्या वर, निळ्या आभाळात, कोणी अर्धी भाकर ठेवून विसरून जावं तसा निवांत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याचा इतका राग आला! आला तर आला, निदान ढगाआड तरी राहायचं!

आता शहाण्या माणसाने काय करावं? हात जोडावे, चुकलो म्हणावं, हसावं, पोहे खावे. मी काय केलं?

"तो ढग असंल," मी म्हटलं.

"ढगाले डाग असतात का?" साहेब.

"आमच्या वीज केंद्राचा धूर बी कधी कधी असा गोळा होऊन..."

"सिंदेवाहीपर्यंत येते?"

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. खिशातून घडी घातलेलं कोष्टक काढून साहेबांच्या हातात दिलं. "तुमीच पाहा जी. आजची ओळ पाहा."

साहेबांनी चष्मा सरकवून ओळीवर बोट ठेवलं. कागद पाहिला, आभाळ पाहिलं. पुन्हा कागद पाहिला.

"रेघ तं हाय," ते म्हणाले.

"हाय ना जी?" माझ्या जिवात जीव आला.

"चंद्र बी हाय."

मागे चंद्र, पुढे सासरा, खाली मामांचा बूट. डोक्यात काही शिल्लकच नव्हतं. आणि अशा वेळी तोंड काय करतं? आपल्या मनाने चालायला लागतं.

"हा आजचा नाई जी!" मी ओरडलो. "हा कालचा हाय!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! भावकीतले सगळे खुर्च्या धरून हसत होते. भिंतीपलीकडच्या बायका खाली बसल्या, नुसते हसण्याचे आवाज येत होते. बाहेर आमचा ड्रायव्हर गाडीच्या टपावर हात आपटत होता. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कालचा म्हणे वो! शिळा चंद्र!" आणि मामा? माझे सख्खे मामा? त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, नीट ठेवली, आणि मग हसले.

आई तेवढी हसली नाही. ती सगळ्यांना समजावून सांगत होती, "मी गाडीतच सांगत होती जी! म्हटलं, बाबू, मांगं पाह्य, कसा चांद दिसून राह्यला. तं मले म्हणे गप बस, मी शनीवर हाय!"

झाली ना मग आणखी एक फेरी हसण्याची!

आईशिवाय आणखी दोन माणसं हसली नाहीत. खोब्रागडे साहेब कोष्टक हातात घेऊन उठले आणि आत गेले. मी समजलो, संपलं. चहा येणार नाही. खरं सांगू का? तेव्हा मला हसण्याचं काही वाटलं नाही. फोटोतली ती मुलगी ट्रे घेऊन समोर उभी होती आणि मी ती माझ्या तोंडाने घालवली होती.

दुसरी न हसलेली ती. ट्रे ठेवून तिने विचारलं, "आत्या, आमी बोलून येऊ का?"

आम्ही परसात गेलो. चंद्र तिथूनही दिसत होता. तो काही पिच्छा सोडत नव्हता.

"रेघ म्हणजे बंद, हे तुमाले कोणं सांगतलं?" तिने विचारलं.

मी तिला लॉगशीट समजावलं. पंप समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

"मंग मावळायच्या रकान्यात आकडा कसा काय होता?"

"चुकून राह्यला असंल."

"हं," ती म्हणाली, आणि ओठ दाबून परसातल्या वांग्यांकडे पाहत राहिली.

मी तिला विचारायला हवं होतं की बाई, तू शाळेत शिकवतेस तरी काय? पण नाही विचारलं. मी तिला शुक्राची वेळ सांगितली.

परत अंगणात आलो तर साहेब बाहेर येऊन बसले होते. आणि त्यांच्या पुढ्यात, मंडळी, चहा होता. माझ्यासाठीही होता! साहेब माझ्या आईकडे वळले.

"बाई, तुमचा पोरगा चुकला," ते गंभीरपणे म्हणाले. "पण अंदाजे नाई चुकला. पक्का चुकला. लिहून देतो म्हणाला. असा माणूस मी नोकरीत बी पाह्यला नाई. माही ना नाई. आता पोरीले विचारून कळवतो."

पोरगी काय म्हणणार, हे कळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी कसे काढले ते आमच्या शिफ्टवाल्यांना विचारा. लॉगशीटवर जिथे जिथे रेघ दिसली, तो प्रत्येक पंप मी जिने उतरून खाली जाऊन पाहून आलो. हात लावून पाहिला. आमचे शिफ्टचे साहेब म्हणाले, याचं लग्न ठरलं की मोडलं?

शेवटी मामांचा फोन आला. "बाबू, पोरीचा होकार हाय!"

"काऊन?" माझ्या तोंडून हेच निघालं.

"मले काय माहीत बावा! मी तं सोता हसून राह्यलो होतो."

लग्न झालं. पत्रिका छापायच्या आधी सासऱ्यांनी मला मुद्दाम फोन करून विचारलं, "जवाईबापू, त्या तारखेले चंद्र चालू हाय ना?" आणि तेव्हापासून सिंदेवाहीत मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. गाडी थांबली की पोरंसोरं ओरडतात, "कालचा चंद्र आला!"

लग्नानंतर एका संध्याकाळी क्वार्टरच्या गॅलरीत चहा पीत बसलो होतो. करुणा वह्या तपासत होती. भूगोलाच्या वह्या! हो, भूगोल! परसात एक प्रश्न विचारायचा राहिला होता ना, त्याचं हे उत्तर.

"तुमी त्या दिवशी बरोबर होते," ती सहज म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"अंगणात. तो कालचाच चंद्र होता."

माझा कप हातातच राहिला. मग तिने, पाचवीच्या पोराला सांगावं तसं, समजावून सांगितलं. चंद्र रोज थोडा थोडा उशिरा उगवतो. आदल्या दिवशी तो रात्री बाराच्या थोडा आधी उगवला. पुढचा उगवणार तो पुढच्या रात्री बारा वाजून गेल्यावर. मग मधल्या तारखेच्या वाट्याला उगवणंच आलं नाही. म्हणून तिथे रेघ.

"बारा वाजता तारीख बदलते," ती म्हणाली, "चंद्र नाई बदलत. रात्री उगवलेला तोच सकाळी वर होता. आन मंग मावळला. म्हून मावळायचा आकडा."

"मंजे मी खरं बोललो!" मी उठून उभा राहिलो. "सगळे हसले, आन मी खरं बोललो! अन तुले तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलली काऊन नाईस?"

"बोलली असती तं तुमी बुधापासून शनीपर्यंत सगळे ऐकवले असते."

मी परत खाली बसलो. आणि दुसरं विचारलं, जे इतके दिवस विचारायचं धैर्य नव्हतं. "मंग मले पसंत काऊन केलं?"

तिने पेन खाली ठेवला. "आधीचे दोघं आले, त्याइले काईच येत नव्हतं, तरी शहाणे बनून राह्यले होते. तुमी एकदम खरं बोलले, आन तुमाले सोताले पत्ता बी नाई! म्हटलं, माणूस बरा हाय. फक्त हा कधी बरोबर हाय, हे त्याले सांगाले कोणी पाह्यजे."

मी लगेच सासऱ्यांना फोन लावला. मामांना लावला. सगळं शास्त्र समजावून सांगितलं. सासरे म्हणाले, "जवाईबापू, झालं गेलं सोडा आता." मामा म्हणाले, "अबे, अजून तेच धरून बसला का?" करुणाला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. ती म्हणाली, "मले वह्या तपासाच्या हायत."

आता शेवटचं सांगतो आणि चहा संपवतो. ती रोज बसने मूलला जाते-येते, माझ्या शिफ्टा फिरत्या. म्हणून घरात स्वयंपाकाचं कोष्टक करायचं ठरलं. कल्पना कोणाची? माझी! तिने आखून फ्रिजवर लावलं. एक रकाना तिचा, एक माझा. मला फार बरं वाटलं. घरातही लॉगशीट!

मागच्या रविवारी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी भुकेने कासावीस होऊन घरी आलो. कोष्टकात पाहिलं, त्या दिवशीचा स्वयंपाक तिच्या रकान्यात. आणि तिथे काय? आडवी रेघ.

"ही रेघ काऊन?"

"रेघ म्हणजे बंद. तुमीच शिकवलं ना."

"मंग जेवाचं काय?"

तिने वहीतून मान न काढता गॅसकडे बोट दाखवलं. पातेलं होतं. झाकण काढलं. वरण.

"करुणा, हे तं कालचं हाय!"

"मंग? दहा-बारा माणसाइले कालचा चंद्र खपवाले निघाले होते, तुमाले एकट्याले कालचं वरण नाई खपत?"

माझाच मुद्दा, आणि तोही शास्त्रशुद्ध! मुकाट्याने बसलो, पातेलं पुसून जेवलो. हात धुवून येताना फ्रिजसमोर थांबलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचा रकाना नीट वाचला. सोमवारीही रेघच होती. आणि वरण मी सगळं संपवलं होतं.